सीएमएमचे पॉइंट हातात आले, आता वर्तुळ कुठलं बसवायचं?

सीएमएम म्हणजे प्रोबने जॉबला शिवून पॉइंटचे कोऑर्डिनेट देणारं मोजमापाचं मशीन, आणि त्या पॉइंटवरून डायमीटर काढायला कुठलं वर्तुळ धरायचं हा आपला विषय. आधी एक किस्सा सांगतो, कारण त्यावरूनच मला हा विषय खरा कळला. अ‍ॅल्युमिनियमचं पातळ भिंतीचं हाउसिंग, त्यात ५० एच६ चा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक ५०.००० ते ५०.०१६ मिमीच्या मधे यायला पाहिजे. आमच्या सीएमएमवर डायमीटर ५०.००६, राउंडनेस, म्हणजे गोलाईतली चूक, जेमतेम १ मायक्रॉन, एकदम झकास. फक्त पोझिशन १६ मायक्रॉन बाहेर दाखवत होती, म्हणून आम्ही दोन दिवस मशीनचा ऑफसेट हलवत बसलो आणि गंमत म्हणजे ऑफसेट हलवला तरी पुढच्या जॉबला एरर दुसऱ्याच दिशेला जायचा. बोअर डायल गेज पण सगळीकडे फिरवून ५०.००६ च दाखवत होता. मग कस्टमरकडून फोन, गो प्लग गेज, म्हणजे बोअरच्या लहानात लहान साइझचा तपासणीचा रॉड, आतच जात नाही, अख्खा लॉट परत.

टूलरूममधले एक मामा आले, जॉब हातात घेऊन म्हणाले, "अरे हा तीन जॉच्या चकात आवळलाय ना, मग तो तीन कोपऱ्यांचा झालाच असणार, तू पॉइंट किती घेतलेस?" पॉइंट घेतले होते चार. पंचवीस घेतले तेव्हा चित्र समोर आलं, बोअर तीन लोबचा, म्हणजे तीन फुगवट्यांचा होता, मधल्या वर्तुळापासून ८ मायक्रॉन आत, ८ मायक्रॉन बाहेर. म्हणजे सरासरी डायमीटर ५०.००६ बरोबर, पण आत बसू शकणारं मोठ्यात मोठं वर्तुळ ४९.९९० चं, आणि गो गेज ५०.०००. जाणार कसा?

आणि चार पॉइंटला पोझिशन का चुकली, हे नंतर कागदावर मांडून बघितलं. ९० अंशावर चार पॉइंट घेतले तर तीन लोबचा आकार आणि सेंटर सरकलेलं गोल वर्तुळ हे गणिताला सारखेच दिसतात, शंभर टक्के सारखे. ८ मायक्रॉनचा लोब थेट ८ मायक्रॉन सेंटर शिफ्ट बनतो, पोझिशनचा आकडा सेंटर शिफ्टच्या दुप्पट धरतात म्हणजे १६, आणि राउंडनेस शून्याजवळ. चकात जॉब जसा फिरेल तशी शिफ्टची दिशा फिरते. आम्ही नसलेल्या एररच्या मागे धावत होतो आणि खरा एरर गोल, चकचकीत रिपोर्टमधे लपून बसला होता.

तर हे गाइड त्यांच्यासाठी, जे सीएमएमवर किंवा पॉइंट एक्सपोर्ट करून एक्सेलमधे काम करतात आणि सॉफ्टवेअर जो आकडा देतं तो कुठून येतो हे ज्यांना बघायचंय. सॉफ्टवेअर कधीच "माहीत नाही" म्हणत नाही, तीन पॉइंट द्या, वर्तुळ देणार, राउंडनेस शून्य देणार. प्रश्न काय विचारायचा ते आपण ठरवायचं.

आधी ड्रॉइंग, मग प्रोब

या बोअरचं पुढे काय होणार आहे? बेअरिंग बसणार, पिन सरकणार, की नुसतं ऑइल जाणार? पिन सरकणार असेल तर तुम्हाला आत मावणारं मोठ्यात मोठं वर्तुळ पाहिजे. शाफ्ट असेल तर उलटं, बाहेरून घेरणारं लहानात लहान वर्तुळ. प्रोसेस कुठे चाललीय, टूल घासतंय का, ऑफसेट किती द्यायचा हे बघायचं असेल तर लीस्ट स्क्वेअर, म्हणजे सगळ्या पॉइंटच्या मधून जाणारं सरासरी वर्तुळ. आणि राउंडनेसचा टॉलरन्स चेक करायचा असेल तर मिनिमम झोन, म्हणजे दोन एककेंद्री वर्तुळांत सगळे पॉइंट कोंबायचे आणि त्यांच्यातलं अंतर कमीत कमी करायचं.

आयएसओ १४४०५-१ मधे याची चिन्हंच आहेत, जीजी म्हणजे लीस्ट स्क्वेअर, जीएक्स म्हणजे मोठ्यात मोठं आत बसणारं, जीएन म्हणजे लहानात लहान घेरणारं. पण ड्रॉइंगवर काहीच चिन्ह नसेल तर आयएसओ प्रमाणे साइझ म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, मायक्रोमीटर मोजतो तसं. आता बघा, आमचा तीन लोबचा बोअर त्या हिशोबाने पास होता, कारण विषम लोबमधे एका बाजूचा उंचवटा समोरच्या खड्ड्याने भरून निघतो! ड्रॉइंगवर वर्तुळातला ई, म्हणजे एन्व्हलपची (आदर्श आकाराचा गेज बसलाच पाहिजे ही) अट असती तर फेल. अमेरिकन एएसएमई वाय१४.५ च्या ड्रॉइंगवर मात्र पहिला नियमच एन्व्हलपचा आहे, तिथे ई लिहावा लागत नाही. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुठलं स्टँडर्ड लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्रोग्राम करायला बसू नका, कृपया.

पॉइंट किती

गणिताला वर्तुळासाठी ३ पुरतात, प्लेनला ३, स्फिअरला ४, सिलिंडरला ५, कोनला ६. ते मोजमाप नाही, नुसतं समीकरण सुटतं. ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ७१७२, १९८९ चं, त्यात वर्तुळाला निदान ७, प्लेनला ९, सिलिंडरला १२ ते १५ असं दिलंय. वर्तुळाला सातच का, तर सम आकडा घेतला की लोबच्या संख्येशी त्याची जुळवणी होऊन बसते. ६ पॉइंट आणि ३ लोब घ्या, नशीब वाईट असेल तर सहाही पॉइंट लोब आणि खड्डा यांच्या बरोबर मधे पडतात आणि राउंडनेस शून्य येतो. ७, ११, १३, २३ असे आकडे घ्यायची सवय लावा. स्कॅनिंग प्रोब असेल तर प्रश्नच नाही, पण मग फिल्टर काय लावला ते लिहून ठेवा. ५० यूपीआरचा गाउसियन फिल्टर लावला की एका फेरीत ५० लाटा असलेल्या रेषेची उंची निम्मीच उरते आणि राउंडनेस आपोआप छान दिसायला लागतो, त्यात जॉबचं काही कर्तृत्व नसतं.

सेंटरलेस ग्राइंडिंगचे शाफ्ट, तीन जॉच्या चकातले रिंग आणि बुश, या दोन्ही ठिकाणी विषम लोब येणार असं धरूनच चला.

बॉलची त्रिज्या कधी वजा करायची

सीएमएम मोजतं ते रुबी बॉलच्या सेंटरचा पॉइंट. खरा पृष्ठभाग त्याच्यापासून बॉलच्या त्रिज्येइतका लांब, पण कुठल्या दिशेला? सिंगल पॉइंट घेऊन जागच्या जागी कॉम्पेन्सेट केलं आणि दिशा ५ अंश चुकली तर २ मिमीच्या बॉलला साधारण ३.८ मायक्रॉन चूक येते. त्यापेक्षा सोपं म्हणजे बॉल सेंटरच्या पॉइंटवर वर्तुळ बसवायचं आणि शेवटी त्रिज्या ॲडजस्ट करायची, बोअर असेल तर बॉलची त्रिज्या मिळवायची, शाफ्ट असेल तर वजा. प्लेन आणि सिलिंडरलाही तेच. सॉफ्टवेअर फीचर म्हणून मोजलं की बहुतेक हेच करतं, पण पॉइंट एक्सपोर्ट करताना ते सेंटरचे आहेत की कॉम्पेन्सेट केलेले हे नक्की विचारा, नाहीतर बॉल दोनदा वजा होतो आणि पूर्ण संध्याकाळ जाते.

तापमानाचं एकच वाक्य. मोजमाप २० डिग्रीचं असतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा ५० मिमीचा बोअर ३० डिग्रीला जवळपास १२ मायक्रॉन फुगतो, त्यामुळे एप्रिलमधे शॉपमधून आणलेला जॉब लगेच प्रोबखाली घालून नंतर फिटिंगच्या अल्गोरिदमला दोष देण्यात अर्थ नाही.

एक्सेलमधे स्वतः वर्तुळ बसवा

एकदा तरी हाताने करा, मग सॉफ्टवेअरची भीती जाते. हे माझे आठ पॉइंट घ्या. ४५-४५ अंशावर, नॉमिनल सेंटरपासून अंतर, ० अंशापासून क्रमाने: २५.०१२, २५.००९, २५.००४, २४.९९७, २४.९९६, २४.९९५, २५.०००, २५.०११. अंतर गुणिले कोसाइन म्हणजे एक्स, गुणिले साइन म्हणजे वाय, एक्सेल रेडियन मागतं ते विसरू नका. नुसतं बघितलं तर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यात १७ मायक्रॉनचा फरक, राउंडनेस १७ वाटतो. थांबा.

पहिली पायरी सोपी, त्यासाठी इटरेशन, म्हणजे परत परत हिशोब करत उत्तराजवळ जाणं, लागत नाही. तिसऱ्या कॉलममधे एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग काढा आणि लाइनएस्ट (LINEST) फंक्शनला सांगा की हा तिसरा कॉलम एक्स आणि वाय पासून काढ. तीन आकडे येतील आणि इथे सगळे फसतात, लाइनएस्ट उलट्या क्रमाने देतं, पहिला आकडा वायचा, दुसरा एक्सचा, तिसरा कॉन्स्टंट. पहिल्या दोघांना २ ने भागा, ते सेंटर. कॉन्स्टंटमधे दोन्ही सेंटरचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, ती त्रिज्या. बोअर मशीनच्या ओरिजिनपासून ८०० मिमीवर असेल तर आधी सगळ्या पॉइंटची सरासरी वजा करून घ्या आणि शेवटी परत मिळवा, नाहीतर मोठ्या आकड्यांचे वर्ग करताना मायक्रॉनची जागा उगाच खर्च होते.

हे उत्तर पूर्ण वर्तुळावर चांगलंच असतं, पण छोट्या आर्कवर ही पद्धत त्रिज्या लहान दाखवते, कारण ती खऱ्या अंतराऐवजी अंतराच्या वर्गातला फरक कमी करते. म्हणून दुसरी पायरी एक्सेलचा सॉल्व्हर (Solver), जो आकडे बदलत बदलत उत्तर शोधतो. तीन सेल, सेंटर एक्स, सेंटर वाय, त्रिज्या, पहिल्या पायरीचे आकडे सुरुवातीला टाका. प्रत्येक पॉइंटसमोर सेंटरपासूनचं अंतर वजा त्रिज्या, याला रेसिड्युअल म्हणतात, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायला सांगा. एक गोष्ट लक्षात ठेवा, रेसिड्युअल हजाराने गुणून मायक्रॉनमधेच ठेवा. मिलिमीटरमधे ठेवलं तर बेरीज इतकी बारीक येते की सॉल्व्हरला वाटतं काम झालं आणि तो अर्ध्यात थांबतो. मी यात एकदा पूर्ण दुपार घालवली आहे.

उत्तर यायला पाहिजे सेंटर एक्स ०.००९, वाय ०.००१, त्रिज्या २५.००३, म्हणजे डायमीटर ५०.००६. रेसिड्युअल वर २.४ आणि खाली २.०, म्हणजे राउंडनेस ४.४ मायक्रॉन. १७ मधला बहुतेक भाग हा सेंटर सरकल्याचा होता. पोझिशन १८ मायक्रॉन. एकाच डेटातून तीन वेगळ्या गोष्टी सुट्या झाल्या, साइझ, जागा आणि आकार. या एका गोष्टीसाठी मला लीस्ट स्क्वेअर फार आवडतं. सॉफ्टवेअरमधे त्याला गाउस म्हणतात, कारण १८०१ मधे हरवलेला सेरेस हा बटुग्रह परत कुठे दिसेल हे थोड्याशा निरीक्षणांवरून काढणाऱ्या गाउसने ही युक्ती आपली आहे असं म्हटलं होतं, छापून मात्र आधी लजांद्रने आणली, १८०५ मधे.

आता तोच डेटा, वेगळे प्रश्न. मोठ्यात मोठं आत बसणारं वर्तुळ पाहिजे तर वर्गांची बेरीज काढून टाका, त्रिज्येचा सेल मॅक्सिमाइझ करा आणि अट घाला की प्रत्येक पॉइंटचं अंतर त्रिज्येपेक्षा मोठं किंवा बरोबर. ५०.००३५ येईल. घेरणारं पाहिजे तर मिनिमाइझ आणि अट उलटी, ५०.००९. मिनिमम झोनला दोन सेल ठेवा, आतली त्रिज्या आणि बाहेरची, सगळे पॉइंट त्यांच्यामधे आणि फरक मिनिमाइझ, ४.० मायक्रॉन येतो. थेट मॅक्स वजा मिन मिनिमाइझ करायला लावू नका, त्या फंक्शनला कोपरे असतात आणि सॉल्व्हर कोपऱ्यात अडकतो. अटी लावल्या की व्यवस्थित चालतं. सुरुवात नेहमी लीस्ट स्क्वेअरच्या सेंटरपासून करा, कारण आत बसणाऱ्या वर्तुळाला कधीकधी एकापेक्षा जास्त जागा सापडतात.

म्हणजे एकाच बोअरचे डायमीटर ५०.००३५, ५०.००६ आणि ५०.००९, आणि समोरासमोरचं अंतर मोजलं तर ५०.००४ ते ५०.००८. सगळे खरे. कस्टमरकडे एक आणि आपल्याकडे दुसरा आकडा आला म्हणून मशीनच्या कॅलिब्रेशनवरून भांडणं झालेली मी बघितलीत, आणि शेवटी निघालं काय तर त्यांचं सेटिंग आत बसणारं आणि आपलं गाउस.

रेसिड्युअल वाचायला शिका

आकड्यापेक्षा रेसिड्युअलचा ग्राफ जास्त बोलतो. अंशाप्रमाणे लावा आणि किती वेळा वर-खाली जातं ते मोजा. दोनदा असेल तर ओव्हॅलिटी, पण लगेच मशीनला दोष देऊ नका. जॉब वाकडा असताना अक्षाला काटकोनात नसलेलं सेक्शन घेतलं तरी लंबवर्तुळच मिळतं, ५० मिमीच्या बोअरला १ अंश वाकडेपणा म्हणजे ७.६ मायक्रॉनची खोटी ओव्हॅलिटी. आधी वरच्या फेसला किंवा सिलिंडरच्या अक्षाला अलाइन करा, त्यावर प्रोजेक्ट करा, मग वर्तुळ. तीनदा असेल तर चक. पाच-सात वेळा असेल तर ग्राइंडिंगची व्हील किंवा वर्क रेस्टचं सेटिंग बघा. कुठलाच पॅटर्न नसेल, नुसता खरबरीतपणा असेल, तर फिट योग्य आहे आणि उरलेला भाग रफनेस आणि प्रोबचा नॉइज.

एकच पॉइंट उंच उडालेला दिसला तर तिथे जाऊन बघा, शक्यतो कापडाने पुसा आणि परत मोजा. चिप, बर, कूलंटचा थेंब, रुबीवर चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम, यातलं काहीतरी असतं. थ्री सिग्माच्या बाहेर आहे म्हणून न बघता डिलीट करणं मला अजिबात पटत नाही, कारण खरा ओरखडाही तसाच दिसतो आणि ओरखडा कस्टमरला सापडतोच. नुकसान किती होतं याचा सोपा हिशोब आहे. समान अंतरावरच्या आठ पॉइंटपैकी एकावर ४० मायक्रॉनची चिप असेल तर लीस्ट स्क्वेअरची त्रिज्या ४० भागिले ८ म्हणजे ५ मायक्रॉनने हलते आणि सेंटर त्याच्या दुप्पट, १० मायक्रॉनने. तेच १०० पॉइंट असतील तर त्रिज्या ०.४ आणि सेंटर ०.८, कळणारही नाही. पण बोअरमधली तीच चिप आत बसणाऱ्या वर्तुळाचा सेंटर आणि साइझ दोन्ही खाऊन टाकते, कारण ते वर्तुळ दोन-तीन पॉइंटवरच टेकलेलं असतं, आणि मिनिमम झोनचा आकडा तर सरळ ३४ ते ४० पर्यंत जातो, मग पॉइंट आठ असोत की हजार. म्हणून हे दोन फिट लावायचे तर सफाई आणि पॉइंटची संख्या दोन्ही पाहिजे, सात पॉइंटवर मिनिमम झोन लावून काही मिळत नाही.

छोटा आर्क: इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात

ड्रॉइंगवर आर २५ अधिक-उणे ०.०२ लिहिलेलं असतं आणि जॉबवर आर्क मिळतो ३० अंशाचा. तीन जण मोजतात, तीन आकडे येतात. याचं कारण साधं आहे, आर्क लहान असला की तो जवळजवळ सरळ रेषा असतो आणि त्याची त्रिज्या त्याच्या पोटाच्या उंचीवरून ठरते. २५ त्रिज्येच्या ३० अंशाच्या आर्कचं पोट फक्त ०.८५ मिमी. दोन टोकं आणि एक मधला पॉइंट घेतला आणि मधल्यात १ मायक्रॉन चूक झाली तर त्रिज्या २८ मायक्रॉनने बदलते. ६० अंशाला साडेसहा, ९० अंशाला अडीचच्या आत, २० अंशाला ६५. सूत्र हवं असेल तर अर्ध्या कोनाचा कोसाइन, भागिले एक वजा तोच कोसाइन, त्रिज्या कितीही असो. पॉइंट वाढवले की यात सुधारणा होते पण जादू होत नाही, आणि आर्कचा आकारच ३-४ मायक्रॉन बिघडलेला असेल तर पॉइंट वाढवून काहीच उपयोग नाही.

मग करायचं काय? जागा पाहिजे असेल तर त्रिज्या २५ लॉक करा आणि फक्त सेंटर शोधा, बहुतेक सॉफ्टवेअरमधे फिक्स्ड रेडियसचा पर्याय असतो, एक्सेलमधे तर त्रिज्येचा सेल सॉल्व्हरमधून काढून टाकला की झालं. आकार पाहिजे असेल तर डिझाइनवाल्याला फोन करा आणि त्रिज्येच्या टॉलरन्सऐवजी प्रोफाइल टॉलरन्स, म्हणजे पूर्ण आकारासाठी एक पट्टा, द्यायला सांगा. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं, कारण त्यांनाही त्या २८ च्या गुणाकाराची कल्पना नव्हती. ६० अंशाच्या खाली मी त्रिज्येवर जॉब रिजेक्ट करत नाही, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि मी ते लेखी देतो.

प्लेन, सिलिंडर आणि डेटम

प्लेनला झेडला एक्स-वाय वरून लाइनएस्ट लावणं चालतं, पण फक्त प्लेन आडवं असेल तर. ते उभ्या दिशेतलं अंतर मोजतं, आपल्याला पाहिजे प्लेनला काटकोनातलं. उभ्या भिंतीवर ही पद्धत कोसळते. बरोबर पद्धत अशी, सगळ्या पॉइंटमधून सरासरी वजा करा आणि उरलेल्या मॅट्रिक्सचं एसव्हीडी (मॅट्रिक्सच्या मुख्य दिशा काढणारा हिशोब) काढा, पायथॉनच्या नमपायमधे एका ओळीत होतं, सगळ्यात लहान सिंग्युलर व्हॅल्यूची दिशा म्हणजे प्लेनचा नॉर्मल. सरळ रेषेला सगळ्यात मोठीची दिशा. सिलिंडर आणि कोनला मात्र इटरेशन लागतं आणि सुरुवातीचा अक्ष बऱ्यापैकी बरोबर द्यावा लागतो, नाहीतर सॉफ्टवेअर भलतीकडेच जाऊन बसतं. दोन लेव्हलवर वर्तुळं बसवा, त्यांची सेंटर जोडा, ती रेषा सुरुवातीला द्या.

लांबीकडे लक्ष ठेवा. बोअर फक्त १० मिमी खोल, वर आणि खाली एकेक वर्तुळ, त्यांच्या सेंटरमधे ४ मायक्रॉन चूक. तो अक्ष १०० मिमी लांबच्या फेसपर्यंत ताणला की तिथे ४० मायक्रॉन. छोट्या बोअरला डेटम अक्ष (बाकी मोजमापांचा आधार) करून लांबची पोझिशन मागणारी ड्रॉइंग येतात, तेव्हा मी फेसला प्रायमरी आणि बोअरला सेकंडरी करता येईल का हे आधी विचारतो.

आणि डेटम प्लेनला लीस्ट स्क्वेअर का नको, तर जॉब फिक्स्चरवर टेकतो तो उंच पॉइंटवर. गाउस प्लेन मटेरियलच्या आतून जातं, अर्धे पॉइंट त्याच्या वर, अर्धे खाली, असा जॉब प्रत्यक्षात कुठेच बसत नाही. आयएसओ आणि एएसएमई दोन्हींना बाहेरून टेकणारं प्लेनच हवंय. फेस मधे फुगलेला असेल तर जॉब डुलतो, तिथे सॉफ्टवेअरमधे बाहेरून टेकणारं पण मधोमध तोललेलं प्लेन निवडा, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला कललेला डेटम मिळतो. कास्टिंगच्या कच्च्या फेसवर हे सगळं लागू पडत नाही, तिथे डेटम टार्गेट, म्हणजे ड्रॉइंगवर ठरवून दिलेले टेकायचे पॉइंट, घ्या, सरळ.

तुमचं सॉफ्टवेअर तपासा

१९८८ मधे अमेरिकेत जीआयडीईपीचा (सरकार आणि उद्योगांत दोषांची माहिती वाटणारा कार्यक्रम) एक अलर्ट निघाला होता, सीएमएमची सॉफ्टवेअर फॉर्म काढताना चुका करतात, तोच डेटा देऊन वेगवेगळी उत्तरं येतात. अमेरिकेत एनआयएसटी आणि जर्मनीत पीटीबी या मोजमापाच्या सरकारी संस्थांनी सॉफ्टवेअर तपासायला संदर्भ डेटा वापरून चाचण्या केल्या, २००१ मधे आयएसओ १०३६०-६ आलं, ते फक्त लीस्ट स्क्वेअरच्या हिशोबासाठी आहे. आजची सॉफ्टवेअर गाउसमधे क्वचितच चुकतात. गडबड होते ती डिफॉल्ट सेटिंगमधे, कोणीतरी इन्स्टॉल करताना काहीतरी निवडलं आणि दहा वर्षं तेच चाललंय.

म्हणून वरचे माझे आठ पॉइंट तुमच्या सीएमएमच्या सॉफ्टवेअरमधे टाइप करा, बहुतेकांत ऑफलाइन पॉइंट घालता येतात. फिल्टर बंद, बॉल कॉम्पेन्सेशन बंद, वर्तुळ बसवा. डायमीटर ५०.००६ आला तर तुमचं डिफॉल्ट गाउस, ५०.००३५ आला तर आत बसणारं, ५०.००९ आला तर घेरणारं. राउंडनेस ४.४ म्हणजे तो गाउसच्या सेंटरवरून काढतंय, ४.० म्हणजे मिनिमम झोन. दोन शिफ्टचे दोन पीसी असतील तर दोन्हीवर करून बघा, आमच्याकडे दोन्हीवर वेगळं निघालं होतं.

आता आमच्या प्रत्येक रिपोर्टमधे डायमीटरच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, फिट कुठला, पॉइंट किती, फिल्टर काय, बॉल किती मिमीचा, तापमान किती. त्या हाउसिंगच्या प्रोग्राममधे २३ पॉइंट आहेत, साइझ आत बसणाऱ्या वर्तुळाची, पोझिशनही त्याच वर्तुळाच्या सेंटरची, ऑफसेटसाठी वेगळी गाउसची ओळ, आणि चकाच्या जागी मामांनी बनवलेले रुंद सॉफ्ट जॉ.